‘इल्लीगल’ ऐकून मारलेला चेंडू : स्लो पिच सॉफ्टबॉलमधील एक प्रकरण

अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या शहरात नगरपालिकेच्या क्रीडा विभागातर्फे दर उन्हाळ्यात पुरुषांची स्लो पिच सॉफ्टबॉल लीग भरते. स्लो पिच म्हणजे सॉफ्टबॉलचा असा प्रकार, ज्यात पिचर (चेंडू टाकणारा) चेंडू हळू आणि उंच कमानीत टाकतो; असा टाकलेला चेंडू म्हणजे ‘पिच’. संघ बहुतांशी कंपन्यांचे असतात, खेळाडू दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी मैदानावर येतात, आणि सामन्याला पंच एकच असतो. काही हंगाम ते काम मी केले आहे. पुढील प्रकरणात पंच मीच होतो, त्यामुळे नोंद एकतर्फी होण्याचा धोका आहे. म्हणून माझ्याकडून काय कमी पडले तेही यथास्थान लिहिले आहे.

सामना सातव्या आणि शेवटच्या डावाच्या उत्तरार्धात होता. बॅटिंग करणारा संघ एका रनने मागे होता. दोन आऊट झालेले, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू, पहिला बेस मोकळा, आणि बॅटरची मोजणी तीन बॉल, एक स्ट्राईक. (बॉल म्हणजे बॅटरने न मारलेला, पट्ट्याबाहेरचा चेंडू; चार बॉल झाले की बॅटर चालत पहिल्या बेसवर जातो.) तिसऱ्या बेसवरचा धावपटू घरी, म्हणजे बॅटर उभा असतो त्या होम प्लेटवर, आला असता तर बरोबरी झाली असती, दोघेही आले असते तर सामना जिंकला असता. पिचरने चेंडू उंच सोडला. तो वर जात असतानाच उंचीची १० फुटांची मर्यादा ओलांडणार हे दिसत होते. माझ्या अंदाजाने तो जमिनीपासून १३ फुटांच्या आसपास पोहोचला. तो वरच्या टोकाला असतानाच मी मोठ्याने ‘इल्लीगल’ म्हटले आणि डावा हात मूठ आवळून बाजूला आडवा धरला. खेळ तूर्त चालू आहे, पण नियमभंगाची दखल घेतली आहे, असा त्या खुणेचा अर्थ असतो. बॅटरने माझा आवाज ऐकला, थांबण्याऐवजी पाय रोवले आणि अंगातली होती नव्हती ती ताकद लावून बॅट फिरवली. चेंडू डाव्या बाजूला खोल गेला, पण हवेत जास्त वेळ राहिला, आणि मागे धावत गेलेल्या क्षेत्ररक्षकाने तो झेलला. मी बॅटरला आऊट दिले. डावातला तो तिसरा, शेवटचा आऊट; सामना संपला.

त्यानंतरचा अर्धा तास हा या प्रकरणाचा खरा विषय आहे.

बॅटर आपल्याकडचा, गल्लीतल्या टेनिस बॉल क्रिकेटवर वाढलेला. तो पहिल्या बेसकडे निम्म्या वाटेवर थांबला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसते आश्चर्य होते. मी मराठी आहे हे त्याला ठाऊक होते. जवळ येऊन तो म्हणाला, “अहो सर, नो-बॉलवर कॅच आऊट असतो का कुठे?” मी त्याला इंग्रजीत उत्तर दिले, कारण समोरच्या संघाचा कर्णधार तीन हातांवर उभा होता आणि पंच एका बाजूच्या खेळाडूशी दुसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत बोलतो आहे असे दृश्य अशा वेळी दिसू नये. मात्र त्याचा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याच्या दृष्टीने तर्कशुद्धही होता. क्रिकेटमध्ये नो-बॉलवर फलंदाज झेलबाद होत नाही, त्रिफळाबादही होत नाही. धावबाद होण्यासारखे मोजकेच प्रकार उरतात. ‘इल्लीगल’ हा शब्द कानावर पडताच आता आपल्याला धोका नाही, मग मनसोक्त मारून घ्यावे, असे त्याच्या हातांनी ठरवले. वर्षानुवर्षे मुरलेली ती सवय होती.

एवढ्यात त्याच्या संघाचा कर्णधार वेगळाच मुद्दा घेऊन आला. तो आपल्या मुलीच्या शाळकरी संघाला फास्ट पिच, म्हणजे चेंडू वेगाने टाकण्याचा सॉफ्टबॉलचा प्रकार, शिकवत असे, आणि त्याला नियम माहीत नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. त्याला दुसऱ्या खेळाचे नियम माहीत होते. त्याचे म्हणणे असे, की बेकायदा पिचवर चेंडू खेळला गेला तर खेळाचा निकाल घ्यायचा की दंड घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार बॅटिंग संघाला असतो; आम्ही दंड घेतो, म्हणून हा चौथा बॉल धरा, बॅटरला पहिला बेस द्या, तिन्ही बेस भरतील आणि पुढचा बॅटर येईल. फास्ट पिचपुरते ते रास्तच होते. तिथे पूर्वापार व्यवस्था अशी, की बॅटर सुखरूप पहिल्या बेसवर पोहोचला आणि बाकीचे धावपटूही निदान एकेक बेस पुढे सरकले तर बेकायदेशीरपणा आपोआप पुसला जातो. तसे झाले नाही तर प्रशिक्षकाला निवड मिळते.

हे ऐकून मी क्षणभर अडखळलो, हे मान्य करायला हवे. सॉफ्टबॉल मी महाराष्ट्रात शिकलो, आणि आपल्याकडे शालेय आणि आंतरविद्यापीठ पातळीवर सॉफ्टबॉल म्हणजे फास्ट पिच. पिचरने हात चक्रासारखा फिरवायचा, पाय पिचर्स प्लेटपासून (पिचर जिच्यावर पाय ठेवून चेंडू टाकतो त्या पट्टीपासून) घासत न्यायचा, मध्येच उडी मारून पुन्हा टेकून जोर घेतला तर पंच हात आडवा करणार, हे सगळे माझ्या अंगात आहे. स्लो पिच हा प्रकार मी इथे येऊन पाहिला. त्यामुळे ‘आम्ही दंड घेतो’ हे वाक्य मला ओळखीचे वाटले, आणि ओळखीचे वाटले म्हणून सेकंदभर बरोबरही वाटले. पंच सेकंदभर जरी घुटमळला तरी मैदानावरच्या प्रत्येकाला ते दिसते. कर्णधारालाही दिसले, आणि त्याचा आवाज चढला.

तिसरा आवाज पिचरच्या बाजूचा होता. झेल घेऊन सामना जिंकल्यावर त्यांना तक्रार करायचे कारण नव्हते, पण पिचर स्वतः सांगत राहिला की पिच मुळात कायदेशीरच होती, १२ फुटांच्या आतली होती. हा दावा निकालाच्या दृष्टीने निरुपयोगी होता, तरी तो कुठून आला ते सांगण्याजोगे आहे. अमेरिकेत स्लो पिचच्या उंचीबाबत एकच आकडा नाही. या लीगने स्वीकारलेल्या, यूएसए सॉफ्टबॉल या संघटनेच्या संहितेत चेंडू जमिनीपासून किमान ६ फूट चढला पाहिजे आणि १० फुटांच्या वर जाता कामा नये. यूएसएसएसए या दुसऱ्या मोठ्या संघटनेत किमान मर्यादा ३ फूट आणि कमाल १० फूट आहे. ज्येष्ठांच्या स्पर्धांमध्ये १२ फुटांपर्यंत मुभा असते, आणि हा पिचर रविवारी ज्येष्ठांच्या संघातून खेळत असे. एकच माणूस आठवड्यात दोन मैदानांवर दोन मर्यादांत पिचिंग करतो आणि त्याच्या मनगटाने तो फरक लक्षात ठेवावा अशी आपली अपेक्षा असते.

उंची मोजायला पंचापाशी पट्टी नसते. मी बास्केटबॉलची रिंग डोळ्यांपुढे धरतो, कारण तिची उंची नेमकी १० फूट असते आणि ती प्रत्येकाने पाहिलेली असते. काठावरच्या पिचवर माझी चूक होऊ शकते, होतही असेल. या पिचवर तसा प्रश्न नव्हता.

आता नियम काय सांगतो. स्लो पिचमध्ये बेकायदा पिचचा दंड एवढाच, की बॅटरच्या खात्यात एक बॉल जमा होतो. धावपटू पुढे सरकत नाहीत. आणि बॅटरने त्या पिचवर बॅट फिरवली, मग चेंडू लागो वा न लागो, तर बेकायदेशीरपणा तिथेच संपतो आणि जे घडेल ते कायम राहते. निवड आहे, पण ती प्रशिक्षकाची नाही आणि नंतरची नाही. ती बॅटरची आहे आणि चेंडू हवेत असतानाच करायची आहे. न फिरवली तर चेंडू अगदी स्ट्राईकच्या पट्ट्यातून गेला तरी बॉल. फिरवली तर जबाबदारी त्याची. आमच्या बॅटरपाशी तीन बॉल होते. तो नुसता उभा राहिला असता तर चालत पहिल्या बेसवर गेला असता आणि तिन्ही बेस भरले असते.

दोन प्रकारांतला हा फरक मनमानी वाटतो, पण त्यामागे कारण आहे, आणि ते वादाच्या वेळी मला नीट मांडता आले नाही म्हणून इथे मांडतो. फास्ट पिचमध्ये पिचरच्या लबाडीचा फटका दोघांना बसतो. बॅटरला चेंडू ओळखायला वेळ मिळत नाही, आणि चेंडू सुटताक्षणी बेस सोडून धावायला टपलेला धावपटूही फसतो. म्हणून तिथला दंड पूर्वी जड होता, धावपटूंनाही एक बेस देणारा होता. मनोरंजन म्हणून खेळल्या जाणाऱ्या स्लो पिचमध्ये, बहुतेक लीगमध्ये, चेंडू प्लेटपाशी पोहोचेपर्यंत किंवा मारला जाईपर्यंत धावपटूने बेस सोडायचाच नसतो; आधी सोडला तर तोच आऊट. तेव्हा पिचर कितीही वाकडातिकडा वागला तरी धावपटूचे काही बिघडत नाही. बिघडलेच तर बॅटरचे, आणि बॅटरपाशी वेळ असतो.

हा वेळ किती, ते ढोबळ हिशेबाने काढता येते. पिचर्स प्लेट होम प्लेटपासून ५० फुटांवर असते; पाऊल पुढे पडते म्हणून चेंडूचा प्रत्यक्ष प्रवास ४७ फुटांच्या आसपास धरू. तो ३ फूट उंचीवरून सुटतो आणि तेवढ्याच उंचीवर बॅटरपाशी येतो असे मानून हवेचा विरोध सोडून दिला, तर ६ फुटांपर्यंत चढणारी पिच ०.८६ सेकंदात पोहोचते आणि सुमारे १४ अंशांच्या कोनात खाली येते. १० फुटांपर्यंत चढणाऱ्या पिचला १.३२ सेकंद लागतात आणि तिचा कोन ३१ अंशांचा होतो. १३ फुटांच्या पिचला १.५८ सेकंद लागतात आणि ती ४० अंशांनी कोसळते. या आकड्यांतून दोन्ही मर्यादांचे प्रयोजन दिसते. खालची मर्यादा वेगाला लगाम घालते: चेंडूने उंची गाठावी अशी सक्ती असली की तो जोरात फेकता येत नाही. वरची मर्यादा बॅटला संधी देते: चेंडू जितका उभा खाली येतो तितका तो बॅटच्या फिरण्याच्या रेषेत कमी वेळ राहतो, आणि मग बॅटर त्याच्या खालून मारतो व चेंडू उंच उडतो. आमच्या बॅटरचे नेमके हेच झाले. तो घाईने चुकला नाही. वेळ त्याच्यापाशी भरपूर होता.

याच आकड्यांतून पंचाचे कर्तव्यही निघते. १३ फुटांवरून चेंडू बॅटरपर्यंत उतरायला पाऊण सेकंदाहून थोडा अधिक काळ लागतो. त्या अवधीत पंचाने ठरवायचे, तोंडाने उच्चारायचे, बॅटरने ऐकायचे आणि आपला निर्णय घ्यायचा. हाताची खूण बॅटरला दिसत नाही, कारण पंच त्याच्या मागे असतो. ती बाकीच्यांसाठी असते. बॅटरसाठी फक्त आवाज. पंच उशिरा बोलला तर बॅटरने फिरवलेली बॅट ही निवड राहत नाही, तो अपघात होतो. म्हणून त्या संध्याकाळी मी स्वतःला पहिला प्रश्न विचारला तो उंचीचा नव्हता, आवाज वेळेवर गेला का, हा होता. बॅटरने स्वतःच सांगितले की त्याने ऐकले आणि ऐकूनच मारले. त्यामुळे या प्रकरणात तो प्रश्न निकालात निघाला, जरी बॅटरच्या त्या प्रामाणिक कबुलीमुळेच त्याच्या संघाचा दावा कमकुवत झाला.

कर्णधाराने औपचारिक आक्षेप नोंदवायचे ठरवले. तो त्याचा हक्क होता आणि वेळही टळली नव्हती: शेवटच्या खेळीवरचा आक्षेप पंच मैदान सोडून जाईपर्यंत घेता येतो. आक्षेप कशावर घेता येतो हे मात्र काटेकोर आहे. पिच १० फुटांच्या वर गेली की नाही, हा पंचाच्या नजरेचा प्रश्न, त्यावर आक्षेप चालत नाही. बॅट फिरवल्यावर दंड उरतो की नाही, हा नियमाच्या अर्थाचा प्रश्न, त्यावर चालतो. मी डाव, आऊट, मोजणी, धावपटूंच्या जागा आणि दोन्ही कर्णधारांचे म्हणणे कागदावर उतरवले, लीगचे ठरलेले शुल्क त्याने भरले, आणि आम्ही दिवे विझायच्या आत मैदान रिकामे केले.

नोंद लिहिताना मला तिसऱ्या डावातली एक गोष्ट आठवली आणि मी ती अहवालात घातली. तेव्हा याच पिचरची अशीच उंच पिच मी इल्लीगल पुकारली होती, याच संघाच्या दुसऱ्या बॅटरने ती मारली होती आणि दुसरा बेस गाठला होता. एक रन आला. तेव्हा पिचरचा संघ म्हणाला नाही की पिच बेकायदा होती म्हणून फटका रद्द करा, आणि बॅटिंग संघाला तर काही म्हणायचेच नव्हते. तीन-चार डावांपूर्वी जो नियम फळला होता, तोच आता नडला. आक्षेप दोन दिवसांनी फेटाळला गेला. लीगच्या समन्वयकाने तिसऱ्या डावाचा उल्लेख केला नाही, फक्त संहितेतले कलम दाखवले, आणि तेवढे पुरेसे होते.

समन्वयकाशी फोनवर बोलताना मी एक शंका काढली होती. ‘इल्लीगल’ ऐवजी मी ‘नो पिच’ म्हटले असते तर? ते चुकीचे ठरले असते. ‘नो पिच’ म्हणजे चेंडू मृत, घडले ते सगळे रद्द. तो पुकार वेगळ्या प्रसंगांसाठी आहे, उदाहरणार्थ हात मागे नेताना चेंडू पिचरच्या हातून निसटला तर, किंवा खेळ थांबवलेला असताना पिचरने चेंडू टाकला तर. उंचीच्या उल्लंघनासाठी तो वापरला असता तर बॅटरला चांगला फटका मारण्याची मुभाही उरली नसती. वाद टाळण्यासाठी चुकीचा शब्द वापरण्याचा मोह एकट्या पंचाला नेहमी होतो, कारण रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि सगळ्यांना घरी जायचे असते.

नियमाची एक बाजू मला अजूनही खटकते. पिचर तीन बॉलवर असेल, पुढची कायदेशीर पिच तो प्लेटवरून टाकेल आणि ती जोरात मारली जाईल अशी त्याला भीती असेल, तर १३ फुटांची पिच टाकण्यात त्याचे नुकसान थोडे असते. बॅटर थांबला तर एक बॉल, फार तर चालत पहिला बेस. मोह झाला तर उंच उडणारा झेल. अतिवेगाने पिचिंग केले तर पंच आधी ताकीद देतो आणि पुन्हा तसेच झाले तर पिचरला उरलेल्या सामन्यात पिचिंग करू देत नाही; उंचीसाठी तशी पायरी नाही. वेगाने माणूस जखमी होऊ शकतो, उंचीने होत नाही, हे समर्थन मला पटते. पण आमिष म्हणून टाकलेली बेकायदा पिच आणि हात चुकून गेलेली बेकायदा पिच या दोहोंना एकच दंड आहे, आणि त्या आमिषाविरुद्ध बॅटरला एकच संरक्षण आहे: पंचाचा आवाज आणि त्या आवाजाचा अर्थ माहीत असणे. आमच्या बॅटरला अर्धे संरक्षण मिळाले होते. आवाज पोहोचला, अर्थ क्रिकेटचा लागला. सामन्याआधी प्लेटपाशी दोन्ही कर्णधारांना बोलावून मी मैदानाचे कुंपण, वेळेची मर्यादा, मान्य बॅटा एवढे सांगत असे. बेकायदा पिच मारली तर काय होते हे सांगत नसे, कारण ते सर्वांना माहीत असणार असे मी धरून चाललो होतो. ज्या लीगमध्ये निम्मे खेळाडू क्रिकेटमधून आणि काही जण फास्ट पिचमधून आले आहेत, तिथे हे गृहीतक टिकण्यासारखे नव्हते.

पुढच्या आठवड्यापासून मी एक वाक्य वाढवले: “मी ‘इल्लीगल’ म्हटले आणि तुम्ही बॅट फिरवली, तर पिच कायदेशीर धरली जाईल आणि आऊट झालात तर आऊट.” पहिल्यांदा ते सांगितले तेव्हा योगायोगाने तोच उंच पिच टाकणारा पिचर समोर होता, त्या दिवशी त्याच्या संघाचा कर्णधार म्हणून. त्याने टोपी मागे सारली आणि विचारले, “हे सगळ्यांना सांगायलाच हवे का?”